तंबूतला व्हिडिओ गेम

अहमदपूर
जून २००४

प्रिय जय,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच परत पाठवलं असतंस, गेल्या दोन दिवाळ्यांना पाठवलंस तसं. म्हणून पत्ता आमच्या शाळेतल्या मनस्विनीबाईंच्या हातून लिहून घेतला. त्यांचं माहेर नांदेडचं. शुक्रवारी त्या जाणार आहेत आणि हे पाकीट तुझ्या ऑफिसात तुझ्याच हातात देणार आहेत. या लबाडीबद्दल मला काय बोलायचं ते नंतर बोल. फोनही करून पाहिला होता. 'लातूरहून कुणाचा तरी फोन आहे' असा निरोप तुझ्या टेबलापर्यंत गेला आणि तू जागेवर नव्हतास. मी अहमदपूरहून बोलत होते रे. पण तुझ्या लेखी आम्ही सगळे म्हणजे लातूरच, हे मला समजतं. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच, एवढंच तुझ्या वर्षाअक्काचं मागणं.

माझं इथं बरं चाललंय. नववीला विज्ञान शिकवते. लेक चालायला लागली आहे आणि घरातलं सगळं खाली ओढून राहिली आहे. हे पंचायत समितीत आहेत, संध्याकाळी वेळेवर घरी येतात, आणि अहमदपूरसारख्या गावात याहून जास्त काही लागत नाही. परवा हिला कडेवर घेऊन बाजारात गेले होते. एका हातगाड्यावर चिनी खेळणी मांडली होती, आणि त्यांत ती पेटी होती. पांढऱ्या-लाल प्लास्टिकची. वायरीनं बांधलेले दोन रिमोट, नारिंगी बंदूक, आणि जाड पिवळी कॅसेट. थर्माकोलच्या खाचांमध्ये प्रत्येक वस्तू तशीच बसवलेली. मी तिथं इतका वेळ उभी राहिले की गाडेवाला म्हणाला, "घ्या न बाई, पोरीला खेळायला होईल." बोलायलाही न येणारी ती पोर, आणि तिची आई हातगाड्यापुढं रडून राहिलेली. मी काही न घेता घरी आले. तेव्हापासून तुला लिहायचं ठरवत होते. आज शाळेला सुट्टी आहे, हिचा डोळा लागलाय, म्हणून बसले.

तुला आठवतं का, ती पेटी आधी कित्येक महिने अप्पांच्या दुकानात काचेच्या कपाटात होती. तू तेव्हा आमच्याकडं राहत नव्हतास, पण सुट्टीत यायचास. गंजगोलाईजवळचं आपलं रेडिओ-टीव्हीचं दुकान, आणि हैदराबादहून माल भरताना अप्पांनी हौसेनं आणलेला तो एकच व्हिडिओ गेम. लातुरात तो कुणी घेईना. विरू शाळेतून थेट दुकानात जायचा आणि काचेला नाक लावून उभा राहायचा. माझा पाठचा भाऊ, पण हट्टाला माझ्या वरचढ. मीही त्याच्या बाजूनं अप्पांची मनधरणी करायची. अप्पा दोघांनाही एकच सांगायचे, "इकायची वस्तू हाय ती. खेळायची न्हाई." तूसुद्धा त्या मे महिन्यात विरूशेजारी काचेला नाक लावून उभा होतास. काचेवर दोन नाकांचे डाग पडले म्हणून अप्पांनी तुम्हा दोघांच्या हातात फडकं दिलं होतं.

मग सप्टेंबर आला. गणपती बोळवले आणि ती पहाट झाली. तिच्याबद्दल मी काही लिहिणार नाही. ती तुझी आहे. आम्ही लातुरात फक्त हललो. तुमचं अख्खं गाव गेलं. अप्पा ट्रकमध्ये बसून किल्लारीकडं गेले, आणि परतले तेव्हा त्यांच्या मांडीवर तू होतास. तुझे आईबाबा, रत्नामावशी आणि महादेवप्पाकाका, नव्हते. विसर्जनाहून आल्यावर तू पोरांबरोबर मंडपातच झोपला होतास, म्हणून राहिलास, हे अप्पांनी अव्वाला दारातच सांगितलं. अव्वानं तुला जवळ घेतलं. तिची धाकटी बहीण गेली होती, पण ती तुझ्यासमोर रडली नाही. तू तिच्याकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस, विरूकडं बघितलंस, आणि एक शब्द बोलला नाहीस. तेव्हा तू सातवीत होतास. नंतर दसरा गेला, दिवाळी गेली, तू बोलला नाहीस. अव्वानं तुझं नाव घेऊन महादेवाला साकडं घातलं. शेजारच्या बायका हळू आवाजात म्हणायच्या, पोराची वाचा गेली.

लातुरात तेव्हा घरात झोपायला कुणी धजत नव्हतं. आपण समोरच्या मोकळ्या पटांगणात ताडपत्रीच्या तंबूत राहायला गेलो. तू तंबूच्या दाराशी बसायचास आणि जमिनीकडं बघायचास. बघायचास म्हणजे पाळत ठेवायचास. अप्पा दुकानातून येता-जाता ते बघत होते. एका दुपारी ते दुकान अर्ध्यातच बंद करून आले. एका हातात पोर्टेबल टीव्ही, काखेत ती पेटी. घरातून वायर ओढून त्यांनी तंबूत प्लग बसवला, टीव्ही अव्वाच्या धान्याच्या कणगीवर ठेवला, आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन चॅनल जुळवायला बसले. पडद्यावर नुसत्या मुंग्या. अप्पा बटण फिरवत होते आणि पुटपुटत होते. मुंग्यांतून एकदम निळा रंग आला, गेला, पुन्हा आला आणि ठरला. अप्पांनी एक रिमोट विरूच्या हातात दिला. दुसरा तुझ्या मांडीवर ठेवला आणि बाहेर गेले. जय, तुझ्या मनात अप्पांची जी मूर्ती आहे तिच्याशेजारी ही एक ठेवशील का? मी तुला दुसरी मूर्ती पुसायला सांगत नाहीये. शेजारी ठेव म्हणतेय.

कॅसेटवर हजारभर गेम लिहिलेले होते. खरे सात-आठच, बाकी तेच नाव बदलून. तुम्हा दोघांचा ठरलेला गेम रणगाड्यांचा. खाली मधोमध तो पक्षी, त्याच्याभोवती विटांची भिंत, आणि वरून एकेक करून शत्रूचे रणगाडे यायचे. पक्षी मेला की डाव संपला. विरू सुटला की थेट वर जायचा, एकटाच सगळ्यांना भिडायला. तू जागचा हलायचा नाहीस. भिंतीपाशी उभा राहायचास. विरू ओरडायचा, "जय, वर ये की! किती राखशील तिथं?" तू यायचा नाहीस. एक वीट फुटली तरी तुझा चेहरा पांढरा पडायचा. मी बाजूला बसून दहावीचं भूगोलाचं पुस्तक वाचत असायची, म्हणजे वाचायचं सोंग करत असायची. एकदा विरू पुढं दोन रणगाड्यांत अडकला आणि एक तिसरा कोपऱ्यातून त्याच्या पाठीवर आला. आणि तंबूत कुणाचा तरी घोगरा, मोडका आवाज आला. "विरू, मागं!"

मला आधी कळलंच नाही कोण बोललं. विरूला कळलं. पण त्या गधड्यानं खेळ थांबवला नाही, तुझ्याकडं वळूनही बघितलं नाही. रणगाडा फिरवला, गोळी झाडली आणि म्हणाला, "मेला. आता तिकडं बघ, उजवीकडं." जणू तू रोज बोलतोस. अव्वा चुलीपुढं भाकरी थापत होती. भाकरी करपली. तिनं हाताला लागलेल्या पिठासकट तोंडावर पदर धरला आणि तशीच बसून राहिली. तुम्ही डाव संपेपर्यंत खेळलात. नंतर मी विरूला विचारलं, तू थांबला का नाहीस? तो म्हणाला, "थांबलो असतो तर तो पुन्हा गप झाला असता." तेरा वर्षांच्या पोराला ही अक्कल कुठून आली असेल, याचा विचार मी आजही करते.

तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत भीतीचा, आणि सर्वांत मजेचाही. हे असं म्हणायचं नसतं. किल्लारीकडं माणसं पत्र्याच्या शेडमध्ये होती, आणि आपल्या तंबूत अख्खी गल्ली गोळा होऊन पडद्यावरची बदकं मारत होती. पण तेव्हा लोकांना कुठंतरी एकत्र बसायचं होतं. बदकांत माझा हात कुणी धरला नाही, हे कबूल कर. तू बंदूक पडद्याला चिकटवून मारायचास, ती चिटिंग होती. अव्वानं एकदाच गेममधली मोटारसायकल चालवली. वळणावर गाडीबरोबर स्वतःच कलंडली आणि ज्वारीच्या पोत्यावर पडली. रत्नामावशी गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. अडॅप्टर तापला की ती त्यावर ओलं फडकं ठेवायला धावायची आणि अप्पा किंचाळायचे, "करंट लागंल बसम्मा!" कॅसेट अडकली की विरू काढून फुंकायचा, तू फुंकायचास, मग मी फुंकायची, आणि ज्याच्या फुंकरीनं चालू होईल तो पहिला खेळायचा. वीज गेली की जिंकत आणलेलं सगळं जायचं. ठेवून द्यायची सोय नव्हती. तू म्हणायचास, "जाऊ दे, पुन्हा पहिल्यापासून." विरू मात्र पटांगणात जाऊन दगड भिरकावायचा. आणि एकदा धक्का बसला, ताडपत्री हलली, बायका किंचाळत घरांपासून लांब पळाल्या. तुम्ही दोघं हललाच नाहीत. मी ओरडले तर तू शांतपणे म्हणालास, "अक्का, आपण भाईरच हावोत की. पळायचं कुठं?"

पळायचं कुठं. पुढच्या वर्षांत हे वाक्य मला फार वेळा आठवलं.

आपण घरात परतलो तोवर लातूर बदलायला लागलं होतं. ज्याला त्याला सिमेंटचे खांब हवे होते, आणि ज्याला त्याला पोरगा मेरिटला आणायचा होता. क्लासच्या पाट्या लागल्या. नांदेड, बिलोली, देगलूर, परभणीकडून पोरं येऊ लागली. अप्पांनी घरावर दोन मजले चढवले, कॉटा टाकल्या. अव्वा डबे करू लागली. टीव्हीचं दुकान मात्र बसलं. तुला ते दिवस आठवत असतील. लोक टीव्ही विकत घ्यायला येण्याऐवजी आपलेच टीव्ही पोत्यात बांधून घेऊन यायचे. "गुंडप्पाशेठ, पोरगं बारावीला हाय, वर्षभर तुमच्याकडं ठेवा." दुकानात बंद टीव्हींची रांग लागली होती. सगळ्या गावानं पडदे मिटले होते आणि अप्पा त्या मिटलेल्या पडद्यांमध्ये बसून गिऱ्हाइकाची वाट बघायचे. तेव्हा कुणीतरी त्यांना म्हणालं, शेठ, तुमच्या छपराखाली दुनियेची पोरं डॉक्टर होऊन राहिलीत, घरचं पोरगं काय करतंय? अप्पांना ते लागलं.

विरूचं अभ्यासात डोकं नव्हतं असं नाही. पण त्याला बिघडलेला टीव्ही उघडून बसायला आवडायचं. अकरावीत त्याला पहाटेपासून तीन-तीन क्लास लागले. पेटी माळ्यावर गेली. तू दहावीला होतास, तुला कुणी काही म्हणत नव्हतं. उलट तुझे मार्क चांगले होते, आणि त्याचंही विरूला ऐकावं लागायचं. "त्याचं सगळं गेलं तरी तो शिकून राहिला, अन् तुला काय कमी हाय?" हे अप्पा तुझ्यादेखत बोलायचे. तू ताटातून उठून जायचास. मला वाटतं त्या एका वाक्यानं तुम्हा दोघांनाही सारखंच लागायचं.

बारावीच्या परीक्षेच्या थोडं आधी अप्पांनी तुम्हाला दुकानाच्या मागच्या खोलीत पकडलं. दुपारची वेळ. माळ्यावरची पेटी तिथं कशी आली, कुणी आणली, हे त्यांनी विचारलंच नाही. रिमोट तुझ्या हातात होता आणि विरू शेजारी बसला होता, एवढंच त्यांनी पाहिलं. तू खाली मान घालून उभा राहिलास. विरू बोलायला लागला तर तू त्याचा हात दाबलास. मी दारात होते, मी तो हात पाहिला. बिलोलीच्या एका गिऱ्हाइकानं त्या आठवड्यात टीव्ही घेतला, अप्पांनी ती पेटी त्याला टीव्हीबरोबर देऊन टाकली.  विरू त्यानंतर कशावरच फारसा बोलला नाही. जेवताना भिंतीकडं बघायचा. आम्हाला वाटलं, अभ्यासाचं टेन्शन.

मग जूनमध्ये निकाल लागला. विरू कॉलेजात निकाल बघायला गेला आणि घरी आला नाही. त्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या दोन पोरांचे आईबाप पेढे घेऊन आले होते, अव्वाच्या हातात पेढ्याचा पुडा होता आणि ती दारात उभी राहून रस्ता बघत होती. दुसऱ्या दिवशी अप्पांनी विहिरी पाहिल्या, रुळांच्या बाजूनं गेले, दवाखाने पाहिले. कुठं काही सापडलं नाही, म्हणजे तो आहे, एवढंच समजायचं. आणि परत आल्यावर, जिन्यावर पोरं उभी, त्यांचे आईबाप उभे, सगळ्यांसमोर अप्पा तुला ते बोलले. ते वाक्य इथं लिहीत नाही, ते पुढं येणार आहे.  तुझं सामान किती थोडं होतं. संध्याकाळच्या नांदेड गाडीनं तू आत्याकडं गेलास आणि पुन्हा आला नाहीस. त्याला आता सहा वर्षं झाली.

आता तुला जे ठाऊक नाही ते सांगते. दरवर्षी निकालाच्या दिवशी अप्पा सकाळीच एसटी स्टँडवर जाऊन बसतात. एकटं, पिशवी घेतलेलं पोरगं दिसलं की त्याच्याजवळ जातात. चहा पाजतात, कुठं निघालास विचारतात, घरचा फोन नंबर मागतात. दोन पोरांना त्यांनी परत नेऊन घरी सोडलं, त्यांपैकी एक उदगीरचा होता आणि त्याच्या बापानं अप्पांचे पाय धरले. अप्पा घरी येऊन जेवले नाहीत. अव्वा त्या दिवशी गच्चीच्या दाराला कुलूप लावते आणि किल्ली कमरेला खोचते. दुकान आता नाही. खाली झेरॉक्स मशीन आहे. वर अजूनही पोरं राहतात, पण अप्पा रात्री जिन्यावर फिरून दिवे बंद करायला लावतात, म्हणून आईबाप तक्रार करतात की तुमच्याकडं अभ्यास होत नाही.

दीड-दोन वर्षांपूर्वी घरी मुके फोन यायला लागले. उचलायचं, कुणी बोलायचं नाही, थोड्या वेळानं बंद. अव्वा उचलायची तर 'हॅलो, हॅलो' करून ठेवून द्यायची. अप्पा ठेवायचे नाहीत. ते कानाला लावून बसायचे. मी म्हटलं, नंबर दाखवणारं यंत्र मिळतं, बसवून घ्या, तुम्हाला तर सगळं ठाऊक. ते म्हणाले, "नंबर कळला तर मी जाईन. मी गेलो तर तो आणखी पुढं पळंल. राहू दे." तेव्हा मला कळलं, त्यांना कोण वाटतंय ते. मला वाटलं म्हातारपण आलं. कुणीतरी टवाळखोर असेल आणि माझा बाप त्याच्या श्वासाला जपून राहिलाय.

या मे महिन्यात मी माहेरी गेले होते. दुपारी स्वयंपाकघरात हिला भरवत होते. फोन वाजला, अप्पांनी उचलला. मुका फोन होता. मग अप्पा बोलायला लागले, अगदी शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं. "नळाला पाणी आलं न्हाई आज. तुझ्या अव्वाचे गुडघे लई दुखून राहिलेत. वर्षा आलीय, तिची पोरगी लई द्वाड हाय."  मग म्हणाले, "वर्षा अहमदपूरला असती. तिच्या घरी फोन घेतलाय. नंबर सांगतो, ध्यानात ठेव." आणि दोनदा नंबर सांगितला, एकेक आकडा सुटा करून. मला वाटलं आता ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. आवाज खाली गेला होता, मी दाराशी जाऊन उभी राहिले. "त्या दिवशी मी जयला म्हणलो, तू जाशील तिथलं घर पडतं. दगडामातीतून उठून आलेल्या लेकराला म्हणलो मी. रत्नाच्या लेकराला. त्याचा काई दोष नव्हता, मला तवाबी ठाऊक होतं. मला कुणावर तरी टाकायचं होतं म्हणून त्याच्यावर टाकलं. आता त्याच्याफुडं जायला तोंड न्हाई. तू कोन हायस ते तुला म्हाईत. पण तुला जय कुठं भेटला तर एवढं सांग त्याला."

 फोन बंद झाला. अप्पांनी रिसीव्हर ठेवला, चष्मा पुसला, मला दारात पाहिलं आणि विचारलं, "पोरगी जेवली का?"  तुला हे सांगावं की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. अप्पांनी हे तुझ्याशी बोलायला हवं होतं, भिंतीशी नाही, असं तू म्हणशील. बरोबरच आहे. मी त्यांची वकिली करत नाही. जे कानांनी ऐकलं ते तुझ्या स्वाधीन करते. तुला ते पुरलं नाही तर ते तसंच राहू दे.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. गेल्या गुरुवारी इथं अहमदपूरला, शाळेतून नुकतीच आले होते, फोन वाजला. मी हॅलो म्हटलं. पलीकडं गाड्यांचा आवाज, आणि मग, "अक्का." जय, मी त्याला काय विचारलं असेल? "जेवलास का?" मला दुसरं काही सुचलंच नाही. तो हसला की रडला, मला कळलं नाही. विरू विशाखापट्टणमला असतो. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो. मराठी बोलताना अडखळतो आणि मधेच तेलुगू येतं. सांगत होता, पहिली दोन वर्षं कुणाशी धड बोललोच नाही, कुणाला ठाऊकही नव्हतं मी कुठला. मग म्हणाला, "ते दुकानातलं, ते मीच जयला ओढून नेलं होतं. एकच डाव म्हणून. त्यो नको नको म्हणत होता. अन् अप्पा त्याला तसं बोलले, हे मला अप्पांच्याच तोंडून कळलं." तो रविवारी येतोय. लातूरला नाही. अप्पांचा आवाज ऐकतो, पण तोंड बघायची हिंमत नाही म्हणाला. सिकंदराबादकडून येणाऱ्या आणि पुढं मनमाडला जाणाऱ्या गाडीनं येतोय. वेळ तुला माझ्यापेक्षा चांगली ठाऊक. तिकीट त्यानं पुढपर्यंतचं काढलंय. "जय स्टेशनावर दिसला तर नांदेडला उतरीन. न्हाई दिसला तर गाडीतच बसून राहीन, पुढं जाईन," असं म्हणाला. मला येऊ नको म्हणाला, अप्पा-अव्वाला सांगू नको म्हणाला, आणि मी सांगितलेलं नाही. गेले सहा दिवस हे पोटात घेऊन मी शाळेत फळ्यावर लिहून राहिले आहे. तू गेलाच पाहिजेस असं मी म्हणू शकत नाही. आमच्या घरानं तुझ्याकडं काही मागावं असं आम्ही काही ठेवलेलं नाही. तरी मागते. जा. दाढी वाढवलीय म्हणाला, बारीक झालाय, डब्याच्या दाराशी उभा राहणार आहे. उतरला तर लगेच लातूरचं काही काढू नकोस. आधी कुठंतरी बसवून पोटभर जेवू घाल. मग त्यानं हो म्हटलं, आणि तुलाही वाटलं, तर अहमदपूरला फोन कर. रविवारी मी घराबाहेर पडणार नाही.

तुझीच,
वर्षाअक्का